गृहिणीचें टिपण : अडगळीची पेटी



गोष्ट गेल्या महिन्यांतली आहे. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, घरांत निरवानिरव झाली होती, आणि तरीहि आमच्या स्वयंपाकघरांतला दिवा जळतच होता. जाऊन पाहतें तों सूनबाई जमिनीवर बसलेली. भोंवतीं पुठ्ठ्याचे तुकडे, रंगीत कागद, डिंकाची बाटली, आणि मध्यें अर्धवट उभी राहिलेली एक पवनचक्की! नात केव्हांच झोंपीं गेली होती. "अहो आई, उद्यां शाळेंत 'टाकाऊंतून टिकाऊ' न्यायचें आहे," ती म्हणाली, "कामाच्या गडबडींत राहूनच गेलें." शेजारीं एक चकचकीत खोकें पडलें होतें. तो होता बाजारांतला तयार संच. कापून ठेवलेले पुठ्ठे, चिकटवायचे डोळे, चमकी, सारें कांहीं त्यांत होतें. टाकाऊ वस्तूंचें कांहीं करावयाचें म्हणून आम्ही एक नवी वस्तु विकत आणली होती, आणि तिचें खोकें मात्र सकाळीं घंटागाडींत गेलें.

पवनचक्की सुरेख झाली. वर्गांत तिचें कौतुकहि झालें. संध्याकाळीं मीं नातीला विचारलें, "काय ग, आवडली ना तुझी पवनचक्की बाईंना?" सहा वर्षांची पोर ती, पायांतले बूट काढतां काढतां सहज म्हणाली, "ती माझी नाहीं आजी, आईची आहे. मी नुसती नेऊन दिली."

त्या बोलण्यांत तक्रारीचा सूरहि नव्हता, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें.

यांत सूनबाईला बोल लावण्याचा अधिकार मला नाहीं. दिवसभर कचेरींतलें काम करून रात्रीं मुलीसाठीं जागणाऱ्या आईला काय म्हणून बोलावें? शिवाय माझ्या हातून पूर्वीं जें घडलें आहे तें याहून वाईट आहे. माझा मुलगा तेव्हां पांच वर्षांचा होता. गणपतीचे दिवस होते. त्यानें जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचा एक हत्ती केला आणि मखरापुढें आणून ठेवला. एक पाय आंखूड, कान दोन निराळ्या रंगांचे, आणि सोंड खालीं लोंबणारी. दर्शनाला आळींतल्या बायका यावयाच्या होत्या. "आण, जरा नीट करून देतें," असें म्हणून मीं तो घेतला, सोंड कापून नवी चिकटविली, पाय सारखे केले आणि वरून सोनेरी कागद लावला. आलेल्या प्रत्येकीनें हत्तीची तोंड भरून स्तुति केली. मुलगा दाराशीं उभा राहून ऐकत होता. तो रडला नाहीं कीं रुसला नाहीं. परंतु त्यानंतर आपण होऊन कात्री आणि पुठ्ठा घेऊन बसलेला तो मला आठवत नाहीं. शाळेंतून हस्तव्यवसायाचें कांहीं करावयास सांगितलें कीं तें मुकाट्यानें माझ्यापुढें आणून ठेवी आणि म्हणे, "तूंच कर, तुझें चांगलें होतें." त्या वेळीं तें मला माझ्या हस्तकौशल्याचें प्रशस्तिपत्रकच वाटे!

टाकाऊ वस्तूंपासून मुलांबरोबर खेळणीं करण्याविषयीं आज लिहावयास बसलें आहें तें ही चूक पदरीं घेऊनच.

आपल्या घरांतून हा विषय नवा नाहीं. लुगडें विरलें कीं त्याचें जुनेर होई, जुनेराची गोधडी किंवा दुपटें, दुपट्याचें बाळोतें, आणि शेवटीं उरलेल्या चिंधीचें पोतेरें. नारळ फोडला तर करवंटी मुलींच्या भातुकलींत जाई आणि शेंडी भांडीं घांसावयास मोरीवर. फुटक्या बांगड्यांचीं तोरणें रुखवतांत मांडलीं जात. दिवाळींत मुलें जो किल्ला करतात, त्याला तरी काय लागतें? दगड, विटांचे तुकडे, फाटकें पोतें, चिखल, आणि वर पेरावयास मूठभर अळीव किंवा मोहरी. घरांतलीं वडील मंडळी त्यांत हात घालीत नसत. फार तर पोतें कोठें आहे तें सांगत. तेवढ्यामुळेंच किल्ला मुलांचा राही. मात्र जुनें तें सारें सोनें असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. त्या काळीं हें सर्व काटकसरीपोटीं होई; मुलांच्या मनाच्या वाढीचा विचार त्यामागें क्वचितच असे.

तो विचार ज्यांनीं केला त्यांचें स्मरण येथें अवश्य केलें पाहिजे. जर्मनींत फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं बाड ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं शाळा काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांचा बगीचा, असें नांव दिलें. कागदाच्या घड्या घालणें, पट्ट्या एकमेकींत विणणें, मातीचे आकार करणें, हीं कामें त्यांनीं शिक्षणाचा भाग म्हणून मुलांच्या हातीं दिलीं. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें आणि पुढें ताराबाई मोडक तेथें त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंच्या कार्यांतील पुढचा टप्पा तर आपल्या विषयाला फारच जवळचा आहे. १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी या गांवीं गेल्या आणि तेथें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. शहरी बालमंदिरांतील माँटेसोरी पद्धतीचें साहित्य सुबक खरें, पण महाग. तें खेड्यांत कोठून आणावयाचें? तेव्हां शंख-शिंपले, बिया, पानें, खडे, काड्या यांचेंच साहित्य झालें. मोजणें, रंग ओळखणें, लहानमोठें लावणें, हें सारें मुलें त्यांवर शिकूं लागलीं. पुढें कोसबाडच्या टेकडीवर हेंच कार्य आदिवासी मुलांसाठीं चाललें. महागडें साहित्य नसलें तर मुलाचें शिक्षण अडतें ही समजूत या दोघींनीं कृतीनें खोटी ठरविली.

अलीकडच्या काळांतील नांव अरविंद गुप्ता यांचें. कानपूरच्या आय. आय. टी. मधून शिकून बाहेर पडलेल्या या अभियंत्यानें मोटारींच्या कारखान्यांतील नोकरींतून रजा घेऊन १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबादचा विज्ञानशिक्षणाचा उपक्रम जवळून पाहिला, आणि पुढें सारें आयुष्य कचऱ्यांतून खेळणीं करून दाखविण्यांत घालविलें. पुण्याच्या आयुकामधील मुलांच्या विज्ञानशोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची काडेपेटीच्या काड्यांची युक्ति पुढें सांगतेंच.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. घरांत एक मोठें खोकें किंवा जुनी पत्र्याची पेटी अडगळीसाठीं म्हणून राखून ठेवावी, आणि ती मुलाच्या हाताला येईल अशा जागीं असावी. तिच्यांत काय घालावें? रिकाम्या काडेपेट्या, एका बाजूनें कोरे कागद, जुन्या लग्नपत्रिका, ऑनलाईन मागविलेल्या सामानाचे पुठ्ठे, दोऱ्याचीं रिकामीं रिळें, बाटल्यांचीं झांकणें, शिंप्याकडच्या चिंध्या, लोकरीचे तुकडे, करवंट्या, सुतळी. काय घालूं नये तेंहि तितकेंच महत्त्वाचें. फुटकी कांच, पत्र्याच्या डब्यांच्या धारदार कडा, औषधांच्या बाटल्या, आणि डोक्यांत घालतां येतील अशा प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटींत नकोत. मोडक्या खेळण्यांतील गोल चपटे सेल तर घरांत मुलाच्या हातीं लागूं देऊं नयेत. ते गिळले गेल्यास अन्ननलिकेला कांहीं तासांतच गंभीर इजा होते. तीन वर्षांच्या आंतील मूल घरांत असेल तर चिंचोके, मणी, गुंड्या वेगळ्या डब्यांत उंचावर ठेवाव्या.

चिकटविण्यासाठीं खळ घरींच करावी. तीन चमचे मैदा थोड्या गार पाण्यांत गुठळ्या न ठेवतां कालवावा, त्यांत पेलाभर पाणी घालावें आणि मंद आंचेवर सारखें ढवळावें. पांढरेपणा कमी होऊन खळ दाट व तुकतुकीत झाली कीं उतरवावी. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर ती लवकर आंबत नाहीं. तरी दोन-तीन दिवसांत संपवावी. कसर लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळींत तें कदापि घालूं नये.

वयाप्रमाणें काम निरनिराळें. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडावयास द्यावा. तुम्हांला हें काम वाटणार नाहीं, परंतु दोन्ही हातांच्या चिमटींत कागद धरून एक हात पुढें व एक मागें नेणें ही त्या वयाला मोठी विद्या आहे. पुढें लेखणी धरणारीं बोटें येथेंच तयार होतात. फाडलेले तुकडे खळीनें मोठ्या कागदावर डकवूं द्यावे. चार-पांच वर्षांच्या मुलाला बोथट टोंकाची कात्री द्यावी, आणि जवळ बसावें. काडेपेट्या सुतळीनें एकामागें एक बांधून तो आगगाडी करील. एखादा डबा उलटा लागला तर लागूं द्यावा.

सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर कागदाच्या लगद्याची टोपली अवश्य करावी. आपल्या आज्या ती करीत. चार-पांच वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यांत भिजत घालावे. मूठभर मेथ्या निराळ्या भिजवून वाटून घ्याव्या. त्यांच्या चिकटपणानें लगदा धरून राहतो आणि कडूपणामुळें कीड लागत नाहीं असा जुना अनुभव आहे. भिजलेला कागद पिळून खलबत्त्यांत किंवा पाट्यावर कुटावा, त्यांत मेथ्या मिसळून कणकेसारखा मळावा. एक वाडगा पालथा घालून त्याला ओलें फडकें गुंडाळावें आणि त्यावर लगदा बोटाच्या जाडीइतका थापावा. तीन-चार दिवस कडक उन्हांत वाळला कीं आंतला वाडगा काढून घ्यावा आणि दोन्ही बाजूंनीं कोरा कागद खळीनें लावावा. पूर्वीं अशा टोपल्यांतून धान्यहि ठेवीत. परंतु छापील शाई पोटांत जाणें बरें नव्हे, म्हणून लगदा स्वयंपाकाच्या यंत्रांत वाटूं नये, खलबत्ता किंवा पाटा वापरल्यास तो स्वच्छ घांसून घ्यावा, आणि टोपलींत गुंड्या, रंगखडू, लोकर एवढेंच ठेवावें. या कामांत मुलाला वाट पाहावयास शिकावें लागतें. कळ दाबतांच चित्र हलूं लागण्याची संवय झालेल्या आजच्या मुलाला चार दिवस ऊन मोजणें हाच मोठा लाभ आहे.

आतां ती काड्यांची युक्ति. काड्यांचें गूल आधीं आपण खरडून टाकावें. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सायकलवाल्याकडून आणून तिचे अर्ध्या इंचाचे तुकडे करावे. एका तुकड्याच्या दोन टोंकांत दोन काड्या खोंचल्या कीं सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करावा, चार काड्यांचा चौकोन करावा, आणि मुलाला दोन्ही दाबून पाहावयास सांगावें. चौकोन लगेच कलतो आणि तिरपा होतो. त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाहीं. चौकोनाच्या दोन समोरच्या कोनांना एक आडवी काडी जोडली कीं तोहि ताठ उभा राहतो, कारण त्याचे आतां दोन त्रिकोण झाले! मग मुलाला घेऊन रेल्वेचा एखादा लोखंडी पूल किंवा कौलारू घराच्या छपराचीं लाकडें दाखवावीं. तेथें जिकडे तिकडे त्रिकोण कां आहेत हें त्याला सांगावें लागणार नाहीं, तोच तुम्हांला सांगेल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. अशा कामांनीं घरांतला कचरा फारसा कमी होत नाहीं. उलट आपण जपलें नाहीं तर तो वाढतोच. स्वच्छ कागद आणि पुठ्ठा रद्दीवाला घेतो, त्यांचा पुन्हां कागद होतो. त्याच पुठ्ठ्यावर आपण चिकटपट्टी गुंडाळली, प्लॅस्टिकची चमकी उडविली, कीं तो रद्दींतून बाद झाला. म्हणून जोडावयास खळ आणि दोरा, रंगवावयास हळद, गेरू, बिटाचें पाणी, यांवरच भागवावें. थर्मोकोलच्या सजावटीवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. खेळणें जुनें झाल्यावर तें कोठें जाणार, हा विचार करावयाच्या वेळींच करावा, आणि मुलाला बरोबर घेऊन करावा.

शेवटीं आपल्या वागणुकीविषयीं. मूल काम करीत असतां आपण जवळ असावें, परंतु आपले हात आपल्यापाशीं ठेवावे. "हें काय केलेंस?" असें विचारूं नये, "याची गोष्ट सांग बरें," असें म्हणावें. मागितल्यावांचून मदत करूं नये. मागितली तर जेवढी मागितली तेवढीच करावी. कापलेलें वांकडें झालें तर वांकडें राहूं द्यावें. "छान, छान" असें दहा वेळां म्हणण्यापेक्षां केलेली वस्तु चार दिवस सर्वांना दिसेल अशा जागीं मांडावी. तिचे दिवस भरल्यावर ठेवावयाची कीं मोडावयाची हें त्यालाच ठरवूं द्यावें. तें शाळेंत गेल्यावर गुपचूप केरांत टाकूं नये. आणि पसारा त्यानेंच आवरावा. पेटी परत भरणें हा खेळाचाच शेवटचा भाग आहे. शाळेचें काम असेल तर तें मुलाच्या हातचें वेडेंवांकडेंच जावें. शिक्षिकांनाहि मुलाचा हात ओळखतां येतो, आणि न आला तरी मुलाला आपला हात ओळखतां येतो.

हें सारें लिहिणें सोपें आहे. गेल्या रविवारीं आम्ही घरांत पेटी मांडली. सूनबाईनें पुठ्ठे आणि काडेपेट्या आधींच जमवून ठेवल्या होत्या. नातीनें तासभर खपून एक जनावर केलें, आणि गणपती जवळ आले आहेत म्हणून तो हत्ती आहे असें तिनें जाहीर केलें. काडेपेटीचें अंग, चार झांकणांचे पाय, आणि सुतळीची सोंड. ती सोंड सारखी गळून खालीं पडे. मी जवळच बसलें होतें. पुठ्ठ्याची एक घडी आंतून लावली असती तर ती ताठ उभी राहिली असती, हें मला दिसत होतें. इतकीं वर्षें गेलीं तरी माझा हात आपोआप पुढें झाला.

"आई, राहूं दे ग तशीच."

मीं वळून पाहिलें. चिरंजीव खुर्चींत वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली नव्हती. तो हत्ती ते विसरले असतील असें मी आजवर समजत होतें. मीं हात मागें घेतला आणि पदराखालीं ठेवला. नात म्हणाली, "अहो आजी, त्याची सोंड खालींच असते. तो पाणी पितो आहे."

थोड्या वेळानें वर्तमानपत्र बाजूला झालें. चिरंजीव खालीं येऊन बसले आणि लेकीला म्हणाले, "मला एक पुठ्ठा देतेस का?"

मी उठून स्वयंपाकघरांत गेलें. चहा टाकावयाचा होता, आणि तेथें माझें कांहीं काम नव्हतें.

आमच्या कपाटावर सध्यां दोन हत्ती आहेत. एकाची सोंड लोंबते आणि दुसऱ्याचा एक पाय आंखूड आहे. यंदा गणपतीपुढें तेच बसावयाचे आहेत, आणि दर्शनाला येणाऱ्यांनीं ते कोणीं केले असें विचारलें तर सांगणारीं दोन माणसें घरांत आहेत. वाचकभगिनींनीं आपापल्या घरच्या अडगळींतल्या युक्त्या अवश्य कळवाव्या. निवडक युक्त्यांचा परामर्ष पुढील टिपणांत घेऊं.